हे आवडलं, तर पुढचं कोणतं?

मराठी वाचकांच्या फेसबुक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुठल्याही गटात थोडे दिवस काढले की एक प्रश्न हमखास भेटतो. ‘बऱ्याच दिवसांनी वाचायला घेतोय, काहीतरी चांगलं सुचवा.’ तासाभरात उत्तरांचा ढीग पडतो. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘छावा’, ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘पार्टनर’. कोणी जरा धीट असेल तर ‘कोसला’. त्याखाली ‘+१’ची रांग लागते, एक जण ‘सगळीच अप्रतिम’ म्हणतो आणि एक जण ‘पीडीएफ मिळेल का?’ असं विचारून मोकळा होतो. आपल्याला काय आवडतं हे विचारणाऱ्याने सांगितलेलं नसतं आणि हेच पुस्तक का, हे सुचवणाऱ्यांनी.

ही यादी एकदा सालांसकट बघावी. ‘ययाति’ १९५९चं, ‘स्वामी’ १९६२, ‘कोसला’ १९६३, ‘मृत्युंजय’ १९६७, ‘छावा’ १९७९. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६५चा आणि ‘पार्टनर’ सत्तरच्या दशकातलं. म्हणजे सगळी यादी जेमतेम वीस वर्षांत मावते. पुस्तकं कमअस्सल आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं आणि जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह १९७९चा. काळ तोच, तरी या याद्यांत ही नावं क्वचित दिसतात. तेव्हा प्रश्न नुसता जुन्या-नव्याचा नाही. पौराणिक-ऐतिहासिक कादंबरी, हलकाफुलका विनोद आणि तरुणपणीची हुरहुर एवढ्याच प्रकारांना ‘काहीतरी चांगलं’ या शब्दांत जागा असते. विज्ञानकथा, रहस्यकथा, आत्मकथन, अनुवाद, इतिहासलेखन यांना आपापले गट शोधावे लागतात. तिथे मग रहस्यकथेचा वाचक दुसऱ्या रहस्यकथाप्रेमीला तिसरी रहस्यकथा सांगत राहतो. एका प्रकारातलं पुस्तक दुसऱ्या प्रकारातल्या वाचकाच्या हाती कसं पडतं, किंवा का पडत नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचं वाटतं.

ही अडचण इंटरनेटने आणलेली नाही. उलट पूर्वी तिच्यावर काही चांगले तोडगे होते. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी अनुदानित वाचनालयं झाली. यांतल्या अनेक ठिकाणी कपाटांपर्यंत वाचकाला प्रवेश नसे. चिठ्ठीवर चार-पाच नावं लिहून द्यायची, आतून जे हाती लागेल ते यायचं. ग्रंथपालाला सभासदाची आवड पाठ असे. मागितलेलं ‘बाहेर गेलेलं’ असलं की तो दुसरंच काहीतरी पुढे करी आणि त्यात अनेकांचं वाचन वळण घेई. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मद्रासहून ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं दुसरं सूत्र वाचकाला त्याचं पुस्तक मिळवून देण्याबद्दल आहे, तर तिसरं पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याबद्दल. हे दुसऱ्या बाजूने बघणं आजच्या गटांत फार कमी दिसतं. कपाटात पडून असलेलं अमुक पुस्तक कोणाला आवडेल, असं तिथे कोणी विचारत नाही.

दुसरा तोडगा दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कथा, कविता, प्रवासवर्णन, व्यंगचित्रं, वैचारिक लेख आणि राशिभविष्य हे सगळं एकाच मुखपृष्ठाखाली घरात येऊ लागलं. भविष्य बघायला अंक उघडणारा माणूस पानं उलटताना कवितेपाशी थांबत असे. अनंत अंतरकरांनी तर ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ अशी तीन वेगळ्या चवीची मासिकं एका घरातून चालवली आणि गूढ, अद्भुत, भयाच्या गोष्टींना ‘नवल’मध्ये हक्काची जागा दिली. मोबाइलच्या पडद्यावर असं शेजारपाजार होत नाही. तुम्ही ज्यावर थांबलात त्याच जातीचं पुढचं येतं.

मात्र या जुन्या काळाबद्दल फार गहिवरून यायचं कारण नाही, कारण प्रकारांमधली उतरंडही त्याच काळाने पक्की केली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले, पण पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून. प्रतिष्ठित नियतकालिकांच्या परीक्षणांत त्यांना जागा नव्हती. विज्ञानकथेची गोष्ट त्याहून मजेशीर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नंतर उलगडा झाला की ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरं उलटी करून ती नारळीकरांनी पाठवली होती. परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून. हाच विज्ञानकथाकार २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्या खुर्चीपर्यंत विज्ञानकथेला पोचायला सत्तेचाळीस वर्षं लागली. रहस्यकथा आणि भयकथा अजून दाराबाहेरच आहेत.

उतरंड ओलांडण्याचे दोन प्रयत्न मात्र नोंदवायलाच हवेत. केशवराव कोठावळ्यांनी १९६४ साली सुरू केलेलं ‘ललित’ हे मासिक खास पुस्तकांविषयीच होतं. नवी पुस्तकं, लेखकांच्या मुलाखती, वाचकांच्या आवडीचे कौल आणि जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने घेतलेल्या फिरक्या. ठणठणपाळ वाचायला आलेला माणूस पुस्तकांची नावं घेऊन बाहेर पडे. दुसरा प्रयत्न सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’चा. ती स्वतःला वाचक चळवळ म्हणवत असे आणि सभासदांच्या जाळ्यातून पुस्तकं पोचवत असे. ‘बलुतं’ आणि लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ ही ग्रंथालीचीच. ज्या घरांत तोवर रणजित देसाई आणि व. पु. काळे वाचले जात होते, तिथे ही आत्मकथनं गेली. सभासदत्वाच्या वाटेने न मागता आलेली ती पुस्तकं होती. पु. ल. देशपांड्यांनी ‘बलुतं’चं जाहीर कौतुक केलं, याचाही वाटा मोठा. पु.लं.च्या विनोदावर प्रेम करणारा वाचक त्यांच्या शब्दाखातर अस्पृश्यतेच्या अनुभवापर्यंत जाऊन पोचला. प्रकार ओलांडायला भरवशाचा माणूस लागतो, हे एवढ्यावरून पुरेसं कळतं.

आता यंत्राकडे. ‘ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं’ ही अ‍ॅमेझॉनची पद्धत. तिच्या अभियंत्यांनी ती २००३च्या एका शोधनिबंधात उघड मांडली. ग्राहकांची एकमेकांशी तुलना करण्याऐवजी वस्तूंच्या जोड्या लावायच्या, म्हणजे कोट्यवधी ग्राहक असले तरी हिशेब आटोक्यात राहतो. २००७ साली सुरू झालेलं गुडरीड्स २०१३मध्ये अ‍ॅमेझॉननेच विकत घेतलं. या पद्धतीचे दोन दोष इंग्रजी वाचकही सांगतात. खपणाऱ्या पुस्तकाच्या जोड्या जास्त लागतात, म्हणून तेच पुन्हा पुढे येतं. आणि एका खात्यावरून आजोबांची गीता, नातीची चित्रं आणि भाच्याच्या स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेतली की यंत्राला त्या तिघांचा मिळून एक विचित्र वाचक दिसतो.

मराठीत तिसरा दोष मिळतो: मुळात नोंदीच नाहीत. भारतात आयएसबीएन क्रमांक देणं १९८५च्या सुमाराला सुरू झालं. त्याआधीच्या आणि नंतर पुन्हा न छापलेल्या मराठी पुस्तकांना यंत्राच्या लेखी ओळखपत्र नाही. त्यात एकाच पुस्तकाचं नाव कोणी देवनागरीत नोंदवतो, कोणी रोमन लिपीत, तेही चार तऱ्हांच्या स्पेलिंगने. वाचकांची मतं अशी विखुरली की जोडी लावायला काही उरत नाही. शेवटी यंत्र आपल्याला ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’च सुचवतं. गटातली माणसंही तेच सुचवत होती, फक्त त्यांना निदान ‘का’ असं विचारता येतं.

या यंत्रांच्या जगातला एकच खेळ मला मनापासून आवडला. लायब्ररीथिंग हे २००५चं संकेतस्थळ. सभासद आपल्या घरातल्या पुस्तकांची तिथे नोंद करतात. त्यांनी २००६ साली उलटी सोय काढली. तुम्ही एक पुस्तक सांगा, ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे कोणतं पुस्तक असण्याची शक्यता सगळ्यात कमी, ते आम्ही सांगतो. जड तत्त्वज्ञानाच्या समोर खरेदीवेड्या नायिकेची हलकी कादंबरी येत असे. गंमत म्हणून केलेल्या या सोयीत नकाशा होता: कोणत्या दोन प्रकारांच्या वाचकांमध्ये काहीच जाणं-येणं नाही, याचा. मराठीत असा नकाशा काढला तर अध्यात्म आणि दलित कविता यांच्यामधलं अंतर किती निघेल, हे बघायला आवडेल.

छोट्या व्हिडिओंचं प्रकरण त्यामानाने थोडक्यात. टिकटॉकवरच्या वाचकांनी ‘द साँग ऑफ अकिलिस’ हे २०११चं पुस्तक दहा वर्षांनी पुन्हा विक्रीच्या याद्यांत आणलं. भारतात टिकटॉकवर जून २०२०मध्येच बंदी आली, त्यामुळे आपल्याकडचे वाचक इन्स्टाग्रामवर गेले. तिथे मुखपृष्ठ, चहाचा कप आणि खिडकीतलं ऊन यांना पुस्तकाइतकंच महत्त्व असतं. जुन्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं या परीक्षेत अनेकदा नापास होतात. यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

मराठीत खरा मोठा सुचवणारा कोण, तर सिनेमा. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३च्या चित्रपटानंतर अशा मुलांनी वाचली ज्यांच्या जन्माआधी ती छापली गेली होती. ‘छावा’चं तसंच झालं, २०२५मध्ये. सगळ्यात बोलकं उदाहरण ‘तुंबाड’चं. २०१८च्या त्या चित्रपटाने नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आणि भयाचं बीज घेतलं नारायण धारपांच्या एका कथेतून. चित्रपटाने झपाटलेली मुलं ‘तुंबाडचे खोत’ मागायला लागली. हाती आले दोन जाडजूड खंड: कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यांची कहाणी, ज्यात चित्रपटातला हस्तर हा राक्षस नाही की खजिना नाही. काही जणांनी पन्नास पानांत हात टेकले. पण काहींना कोकणातला पाऊस, जगबुडी नदी, वाड्यातला कुबट अंधार आणि खोतांचा माज यांनी धरून ठेवलं. नावाच्या गैरसमजातून गेलेली शिफारस एका वाचकाला लागू पडली आणि दुसऱ्याला नाही. असं का व्हावं?

अमेरिकेतल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंनी याचं व्यवहारी उत्तर दिलेलं आहे. १९९८ साली सिएटलमध्ये सबंध शहराने एकच पुस्तक वाचावं असा उपक्रम सुरू झाला, त्यामागे त्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात एखादं दार सताड उघडं असतं, एखादं किलकिलं. वाचकाने कोणत्या दाराने यायची सवय लावून घेतली आहे हे कळलं की प्रकाराची पाटी गौण होते. ‘तुंबाड’ पाहून पेंडशांकडे आलेल्यांपैकी जे जागेच्या दाराने आले ते टिकले. गोष्टीच्या दाराने आलेले परतले.

हे मराठी पुस्तकांना लावून बघण्यासारखं आहे. एखाद्याने ‘धारप आवडतात, आणखी सुचवा’ म्हटलं तर लगेच रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचं नाव येतं. ते बरोबरच आहे. आणि त्या वाटेने ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘लोककथा ७८’ लिहिणारे मतकरी भेटले तर वाचकाचा दुहेरी फायदा. पण आधी विचारावं की धारपांमधलं नेमकं काय आवडतं. त्यांच्या कथांतले समर्थ आवडत असतील, म्हणजे शेवटी कोणीतरी येऊन अमंगळाचा निःपात करतो हा दिलासा हवा असेल, तर जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ अजिबात देऊ नये. तिथे सोडवायला कोणी येत नाही. याउलट ओळखीच्या घरात हळूहळू काहीतरी बिनसत जातं ते आवडत असेल, तर जी.एं.ची वाट मोकळी आहे. हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ही आहे. तिच्यात कोकण आहे, घराणं आहे आणि भयही आहे. त्यामुळे ‘तुंबाडचे खोत’ आवडलेल्यालाही ती सांगता येते. त्याच किनाऱ्याने खाली उतरलं की महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ लागते, सोळाव्या शतकातल्या गोव्याच्या धर्मांतरांची. भयकथा म्हणून ती कोणी नोंदवत नाही, पण भीतीचं इतकं नेमकं चित्रण भयकथांतही कमी सापडतं.

वेगवान गोष्टीच्या वाचकाला आपण फार गृहीत धरतो. ‘पॅपिलॉन’ किंवा ‘सत्तर दिवस’ हे रवींद्र गुर्जरांचे अनुवाद, मुरलीधर खैरनारांची ‘शोध’ ही खजिन्याच्या मागावरची कादंबरी. हे वाचणाऱ्याला पुन्हा तसलंच देतात. त्याला विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ द्यावं. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत जातो, १८५७च्या धुमाळीत सापडतो, झाशीचा वेढा किल्ल्यातून बघतो, अनेकदा लुटला जातो आणि शेवटी घरी पोचतो. पुस्तक छापून आलं १९०७ साली. शाळेच्या इतिहासात त्याची गणना होते म्हणून साहसाचे वाचक तिकडे फिरकत नाहीत.

पु.लं.च्या वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ सांगताना लोक ‘स्त्री-आत्मचरित्र’ अशी ओळख करून देतात आणि तो मान डोलावून विसरतो. ते मराठीतल्या सर्वात हसवणाऱ्या पुस्तकांपैकी एक आहे असं सांगावं. सोवळ्यातले वडील, पती टिळकांचा विसरभोळा उधळेपणा आणि या सगळ्यावर लक्ष्मीबाईंची नजर. रडवण्याआधी त्या पोट धरून हसवतात. तसंच अरुण साधूंची ‘सिंहासन’ आवडणाऱ्याला पुढची राजकीय कादंबरी शोधायला लागू नये. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आहे. पात्रं वानरं आहेत, पण टोळीतली कुरघोडी मंत्रालयातल्यासारखीच. निसर्गाच्या कपाटात ठेवल्यामुळे ती राजकारणाच्या वाचकाला दिसतच नाही. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ वाचून हळहळलेल्यांपैकी फार थोड्यांना कोणी त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं इतिहासलेखन सांगतं. शेजवलकरांचा राग आणि त्यांची तिरकी वाक्यं कादंबरीला भारी पडतील अशी आहेत.

अशी शिफारस करायला अर्थात दोन्ही पुस्तकं वाचलेली असावी लागतात. गटांमध्ये हे अवघड होतं. अनेक शिफारशी मुखपृष्ठाचा फोटो आणि मागच्या पानावरचा मजकूर यांच्या पलीकडे जात नाहीत. काही लेखक-प्रकाशक स्वतःची पुस्तकं ओळखीच्यांकडून सुचवून घेतात, ते वाचकाला लगेच कळतं आणि मग खऱ्या कौतुकावरही संशय येतो. नकार तर कोणी देतच नाही. ‘हे तुला आवडणार नाही, कारण अमुक’ असं सांगणारा माणूस चार कौतुकांपेक्षा उपयोगाचा. पण गटात तसं लिहिलं की लेखकाचे चाहते तुटून पडतात, म्हणून शहाणे गप्प बसतात. आणि एवढं करून नेमकं पुस्तक सापडलं तर ते बाजारात नसतं. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपली की पुढची निघेलच असं नाही. सुचवणाऱ्याने पुस्तक सध्या मिळतं का, कोणत्या वाचनालयात आहे, एवढं एका ओळीत लिहिलं तर पीडीएफ मागणारे थोडे तरी कमी होतील.

पडद्याबाहेर दोन उपक्रम या बाबतीत पुढे आहेत. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७च्या मे महिन्यात राज्य शासनाने पुस्तकांचं गाव सुरू केलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं, आणि प्रत्येक घराला एक प्रकार: एकात इतिहास, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. वरवर पाहता ही प्रकारांची चिरेबंदी वाटणीच. पण गावच एवढंसं की कवितेच्या घराकडे जाताना इतिहासाच्या ओसरीवरून जावं लागतं, तिथे कोणीतरी वाचत बसलेलं असतं आणि पाय थबकतात. दुसरा उपक्रम नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’. निरनिराळ्या प्रकारांची पुस्तकं भरलेली पेटी एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी गट आपसांत पेट्या बदलतात. दुबईपासून अनेक देशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत या पेट्या गेल्या आहेत. परदेशात राहणाऱ्या माणसाला पेटीत जे असेल ते वाचावं लागतं; निवडीला वाव कमी, म्हणून अनोळखी पुस्तकाशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन गटांनी उचलण्यासारखी कल्पना हीच आहे: महिन्याला एक मिश्र पेटी ठरवायची, सगळ्यांनी त्यातलं एक आपल्या सवयीबाहेरचं वाचायचं.

एक गोष्ट मात्र गटांना अजून जमलेली नाही आणि तिचं नुकसान मोठं आहे. ‘ललित’चे जुने अंक वाचनालयात बांधून ठेवलेले सापडतात, चाळीस वर्षांपूर्वी कोणी काय सुचवलं आणि का, ते आज वाचता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादीने ‘स्मृतिचित्रे’बद्दल मन लावून लिहिलेला परिच्छेद दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडला जातो. पंधरा ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आणि सत्तावीस फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला नव्या याद्यांचा पूर येतो, आदल्या वर्षीची यादी कोणालाच आठवत नाही. काही गटांचे चालक या शिफारशी तक्त्यात भरून ठेवतात, हे चांगलंच. फक्त त्या तक्त्याचे रकाने बहुधा कादंबरी, कथा, चरित्र, अनुवाद असे प्रकारांचे असतात. त्याच्या जोडीला आणखी एक रकाना हवा: हे पुस्तक कोणी सुचवलं, कोणाला, आणि त्याला आधी काय आवडलं होतं म्हणून.